एका ग्रॅमचे सात किलो

घरी बांधलेल्या विमानांच्या गोष्टीत इंजिनाचे कौतुक फार होते. मला मात्र बांधणाऱ्याची खरी परीक्षा प्रोपेलरपाशी दिसते. अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानांना ‘प्रायोगिक’ वर्गात जागा आहे. तिथे पात्याचा टवका उडाला, तर तो घरी बुजवायचा की प्रोपेलर कारखान्याकडे पाठवायचा, हे बहुधा ज्याला उडायचे आहे तोच ठरवतो.

या निर्णयाचे वजन मी कागदावर मांडून पाहिले. ६८ इंच व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २७०० फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २४४ मीटर धावते. त्या टोकाशी लांबी एक ग्रॅम जास्त भरली गेली, तर ती सुमारे सात किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढते. समोरच्या पात्यावर तेवढीच ओढ नसेल, तर हा जोर सेकंदाला ४५ फेरे घेत इंजिनाला हलवत राहतो.

असे बरेच प्रोपेलर आतून लाकडाचेच असतात. चिकटवलेल्या फळ्यांचा गाभा, त्यावर इपॉक्सीत भिजवलेले काचतंतूंचे किंवा कार्बन तंतूंचे कापड. ओढ सोसतात ते तंतू आणि लाकूड; इपॉक्सी त्यांना जागेवर धरते. म्हणून आधी पाहायचे ते हे, की जखम वरच्या इपॉक्सीपुरतीच आहे की तंतूंपर्यंत गेली आहे. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेडमध्ये प्रोपेलर मागे असतो. चाकाने उडवलेला खडा, इंजिनावरून सुटलेला स्क्रू, सगळे त्याच्याच वाट्याला.

नुसता वरचा थर खरवडला असेल, तर जागा पॉलिश पेपरने घासून इपॉक्सी भरता येते, आणि मग प्रोपेलरचा तोल पुन्हा साधावा लागतो. भोवतालचा भाग नाण्याने वाजवून पाहावा. बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारतो, तसेच. एखाद्या जागी आवाज बद्द आला, तर आतले थर सुटले असण्याची शंका घ्यावी. थर सुटले, तंतू तुटले किंवा बुंध्याकडे भेग दिसली, की घरचा उद्योग थांबवावा. फिरता प्रोपेलर जमिनीला घासला असेल, तर इंजिनाचा क्रँकशाफ्टही तपासायला हवा, पाते कितीही साजरे दिसो.

नवा मागवताना कारखानदार विचारतो: इंजिन किती अश्वशक्तीचे, किती फेऱ्यांवर, फिरते कुठल्या बाजूला, प्रोपेलर पुढे की मागे, जमिनीपासून अंतर किती, आणि विमानाचा वेग किती. शेवटच्या उत्तरात माणूस थोडी भर घालतोच. विमान आपले ना! पण याच आकड्यावर पिच ठरते, म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर तत्त्वतः किती पुढे सरकेल ते अंतर. ७२ इंच पिच आणि २७०० फेरे म्हणजे ताशी सुमारे २९६ किलोमीटर. विमान तेवढे पळणारे नसेल, तर धावपट्टीवर इंजिनाचे फेरे चढत नाहीत. वरच्या गिअरमध्येच घाट चढायला घेतलेल्या गाडीसारखे होते, आणि धावपट्टी तर संपत आलेली असते.

प्रोपेलर बसवल्यावरही लाकडी गाभा दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. म्हणून पहिल्या उड्डाणानंतर आणि पुढे ऋतू पालटला की टॉर्क रेंच घेऊन बोल्ट पुन्हा तपासायचे असतात.