नाडी हरवते तेव्हा

'नाडी लागत नाही' हे शब्द आपण सहसा शेवटच्या घटकेला ऐकतो. पण एखादी पंचविशीतली मुलगी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येते, कपडे वाळत घालताना हात भरून येतो म्हणते आणि डॉक्टरांच्या बोटांना तिच्या मनगटात ठोकाच सापडत नाही, असंही घडतं. या दुर्मीळ आजाराचं नाव 'ताकायासू आर्टरायटिस'. यात महाधमनी आणि तिचे फाटे सुजतात, भिंत जाड होते आणि रक्ताची वाट अरुंद होत जाते.

मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ. २१ वर्षांच्या एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर त्यांना रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं दिसलं. १९०८ साली त्यांनी ते मांडलं, तेव्हा इतर दोन डॉक्टरांनी अशाच रुग्णांची नाडी लागत नसल्याचं सांगितलं. डोळा आणि मनगट यांचा दुवा तिथे जुळला.

पुढे बराच काळ भिस्त होती अँजिओग्राफीवर. ती धमनीची पोकळी दाखवते, भिंत नाही. म्हणजे वाट अरुंद झाल्यावरच रोग दिसणार. आता सोनोग्राफीत मानेतल्या धमनीची सुजलेली भिंत चहूबाजूंनी जाड, मॅकरोनीच्या नळीसारखी दिसते. एमआरआयमध्येही भिंतीची जाडी कळते आणि पेट स्कॅनवर धगधगती सूज उजळते.

कोणत्या धमन्या बाधित आहेत, यावरून आजाराचे पाच प्रकार पाडले जातात. जपानमध्ये मानेकडे व हातांकडे जाणाऱ्या फाट्यांचा त्रास अधिक. भारतात पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्याही बऱ्याचदा सापडतात. म्हणून आपल्याकडे हा रोग अनेकदा वाढलेल्या रक्तदाबाच्या रूपात पुढे येतो.

या आजाराच्या वर्गीकरणासाठीच्या १९९०च्या सहा निकषांपैकी एक होता, चाळिशीच्या आत सुरुवात. २०२२च्या अमेरिकी-युरोपीय निकषांत निदानाच्या वेळी वय साठपर्यंत असणं आणि स्कॅनवर सुजेचा पुरावा या दोन अटी आहेत. त्यापुढे गुण मोजायचे: क्षीण नाडीला दोन, दोन हातांच्या वरच्या रक्तदाबात २० किंवा अधिक फरक असेल तर एक. पाच गुण झाले की वर्गीकरण पक्कं. मात्र हे निकष प्रामुख्याने संशोधनासाठी आहेत आणि तेही सारखे दिसणारे आजार वगळल्यावरच लावायचे. निदान डॉक्टरांनाच करावं लागतं.

त्याची सुरुवात महागड्या यंत्रापासून होत नाही. तरुण वयात बीपी वाढलेलं निघालं, तर डॉक्टरांना एवढंच म्हणा: दुसऱ्या हाताचंही बघा.