कागद वेचणाऱ्यांच्या हातातला कागद

या संघटनेच्या नावातच तिचा माल आहे : कागद, काच, पत्रा. पुण्याच्या रस्त्यांवरचे कंटेनर उपसून बायका जे वेचायच्या आणि भंगारच्या दुकानात किलोवर घालायच्या, त्याच्याच नावानं १९९३मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पंधरा वर्षांनी, २००८मध्ये, याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेनं करार केला आणि दारोदार जाऊन कचरा गोळा करायचं काम रीतसर तिच्याकडे आलं.

सरकार आणि संस्था मिळून नागरी सेवा कशा चालवतात, याची चर्चा निघाली की ‘स्वच्छ’चं नाव येतंच. पण महापालिकेचं काम संस्थेनं अंगावर घेतलं, असं म्हटलं तर गोष्ट उलटी सांगितल्यासारखी होईल. काम आधीपासून चालूच होतं, बिनपगारी आणि बिनपरवाना. शहराच्या कचऱ्यातला विकण्याजोगा भाग बाजूला काढून त्या बायका महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचवत होत्या. त्याची नोंद तेवढी कुठे नव्हती.

ती नोंद व्हायला निमित्त झालं साक्षरता वर्गाचं. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने काम करत होत्या. कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेलेली ही मंडळी मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या मागोमाग कंटेनरपर्यंत गेली. दिवसभर कचऱ्यात हात घालून मिळणारा माल चिखलानं भरलेला, म्हणून भाव कमी. तोच माल घरातून सुका आणि वेगळा मिळाला तर? काही बायकांना विभागानं ओळखपत्रं दिली आणि त्या दारावर जाऊन वर्गीकृत कचरा घेऊ लागल्या. मग एका व्यावसायिकानं त्याच घरांचा कचरा उचलायला मोटारगाडी आणली. बायकांनी विरोध करून काम परत मिळवलं. पण चार बायकांची सोय म्हणजे हक्क नव्हे, हे त्यातून सगळ्यांनाच उमगलं.

मे १९९३मध्ये पुण्यात परिषद भरली. आठशेहून जास्त कचरावेचक आले. अध्यक्षस्थानी बाबा आढाव होते. हमालांची पंचायत बांधलेल्या माणसाला असंघटितांची संघटना कशी बांधायची, हे सांगावं लागणार नव्हतं. मोहन ननावरे यांच्यासारखा, कचरावेचक आईचा मुलगा संघटनेच्या पुढारपणात होता. सभासदांत बहुतेक बाया, आणि त्यातही बहुतेक दलित. हे काम जातीनं गळ्यात मारलेलं, तेव्हा ते सोडूनच द्या, असं सांगणारे बरेच होते. पंचायतीनं वेगळी भूमिका घेतली : कचरा वेचणं हे काम आहे, ते करणारी माणसं कामगार आहेत, आणि बदल हवा तो कामाच्या पद्धतीत.

पहिली मोठी कमाई ओळखपत्राची. १९९५-९६मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पहाटे पोतं घेऊन निघालेल्या बाईला पोलिसानं चोर समजून हटकलं, तर आता दाखवायला तिच्याकडे शिक्क्याचा कागद होता. पुढे महापालिकेच्या पैशातून वैद्यकीय विमाही आला.

संकट आलं ते चांगल्या नियमाच्या रूपानं. २०००च्या घनकचरा नियमांनी घरोघरी कचरा गोळा करणं नगरपालिकांवर बंधनकारक केलं. शहराला ते हवंच होतं. पण दारातूनच कचरा गेला तर कंटेनर उठणार, आणि कंटेनर उठला की वेचणाऱ्यांचं पोट गेलं. दारावरचं काम ठेकेदाराकडे जायच्या आत आपण ते मागायचं, असं पंचायतीनं ठरवलं. आधी प्रायोगिक काम झालं, २००७मध्ये सहकारी संस्था नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी पाच वर्षांचा करार.

या यंत्रणेची खरी गंमत पैशाच्या वाटेत आहे. कचरावेचकाला महापालिका पगार देत नाही. घरं दरमहा ठरलेलं शुल्क थेट तिच्या हातात देतात आणि सुक्या कचऱ्यातल्या मालावर तिचाच हक्क असतो. महापालिकेकडून हातमोजे, बादल्या, ढकलगाड्या, माल निवडायला शेड आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च. सकाळी दोघीदोघी आपल्या घरांचा ओला-सुका कचरा घेतात, ओला आणि निरुपयोगी कचरा ठरल्या जागी पालिकेच्या गाडीत रिकामा करतात, मग पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा निवडत बसतात. साडेतीन हजारांहून जास्त सभासद आठ लाखांहून अधिक घरं आणि दुकानं सांभाळतात. पुण्याचा कचरा जिथे टाकला जायचा, त्या फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोविरुद्ध तिथल्या गावकऱ्यांनी वेळोवेळी आंदोलनं केली. पुठ्ठ्याची जी गाठ भंगारच्या दुकानात जाते, ती अशा कुठल्याच डेपोवर जात नाही.

व्यवस्था जिथे अडते, तेही इथेच. पैसे थेट घराकडून यायचे, म्हणजे दार लावून घेणाऱ्या घराचा भुर्दंड त्या बाईवर. कचरा वेगळा न करणाऱ्याचा त्रासही तिच्याच हातांना. सगळ्यात वाईट म्हणजे कागदात न गुंडाळता टाकलेले सॅनिटरी पॅड. त्यावर सभासद बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकल्या, लाल ठिपक्याची खूण करून पुडी वेगळी देण्याची मोहीम चालवली, आणि २०१३मध्ये वापरलेले पॅड थेट उत्पादक कंपन्यांना धाडले. २०१६च्या नियमांनी अशी उत्पादनं बनवणाऱ्यांवर विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्याची जबाबदारी टाकली. त्याच नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असंही लिहिलं होतं.

नियमात लिहिलं म्हणून करार आपोआप होत नाही. पहिल्या पाच वर्षांची मुदत संपली, पुढेही मुदती संपत राहिल्या, आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आला : हे काम एखाद्या मोठ्या ठेकेदाराला का देऊ नये? बायका मोर्चे घेऊन महापालिकेच्या दारात गेल्या. ठेकेदाराच्या गाडीसमोर त्यांची ढकलगाडी जुनाट दिसते, हे त्यांनाही दिसतं. पण ठेक्यात माल ठेकेदाराचा होतो आणि वेचणारी त्याची रोजंदार होते. ‘स्वच्छ’मध्ये ती सभासद आहे. दोन्हींतला फरक गाडीचा नाही, मालकीचा आहे.

म्हणून भागीदारी हा गोड शब्द इथे जपून वापरायला हवा. एका बाजूला नगरविकासाचा अर्थसंकल्प, दुसऱ्या बाजूला ढकलगाडी; बरोबरी कुठून येणार? ती येते संघटनेच्या बळातून, आणि तीही मुदतीपुरती. कचरा मात्र मुदत पाळत नाही. करार चालू असो वा नूतनीकरण फायलीत अडकलेलं असो, सकाळी दाराशी बादली वाजतेच. आयुष्यभर दुसऱ्यांनी टाकलेला कागद वेचणाऱ्या या बायकांना महापालिकेकडून एकच कागद हवा असतो, आणि तो वेचून मिळत नाही. दर काही वर्षांनी तो मागून, भांडून घ्यावा लागतो.