जुन्या अमेरिकी मोटारीच्या एंजिनाची मूळ अश्वशक्ती कशी ठरवावी?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून अधिक जुनी व मूळ स्वरूपात जतन केलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात. सांगाडा, बॉडी अथवा एंजिन यांत मोठे फेरफार झालेले वाहन या व्याख्येत बसत नाही. १९६० नंतरच्या दशकातील अमेरिकी गाड्याही आता या वयोमर्यादेत आल्या आहेत. अशा गाडीचे एंजिन कारखान्यातून निघाले तेव्हा किती अश्वशक्तीचे होते, हा प्रश्न त्यामुळे केवळ हौशी संग्राहकापुरता उरलेला नाही. गाडीची किंमत आणि तिच्या नोंदीचा खरेपणा ही दोन्ही त्याच्या उत्तराशी निगडित आहेत.

आकडा कोणत्या मापाचा?

अश्वशक्तीचा आकडा वाचण्यापूर्वी तो कोणत्या पद्धतीने काढला हे पाहावे. फोर्ड ‘मॉडेल टी’ गाडीच्या संदर्भात २० आणि २२.५ असे दोन आकडे आढळतात. त्यांपैकी २० ही एंजिनाची प्रत्यक्ष शक्ती होय. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतील वर्ग करून त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे व २.५ ने भागावयाचे, अशा कर-आकारणीच्या सूत्राने २२.५ हा आकडा येतो. म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

यानंतरच्या काळात अमेरिकी कारखाने ‘ग्रॉस’ म्हणजे ढोबळ अश्वशक्ती जाहीर करीत. या चाचणीत एंजिन गाडीबाहेर, चाचणी-मंचावर चालविले जाई. त्यावर हवेची गाळणी किंवा गाडीतील नेहमीचा सायलेन्सर नसे. ‘नेट’ म्हणजे निव्वळ अश्वशक्ती मोजताना मात्र ही सर्व साधने जोडलेली असतात. १९७२ च्या मॉडेलांपासून अमेरिकी कारखान्यांनी निव्वळ आकडाच देण्याची प्रथा स्वीकारली.

शेव्हरोले कॉर्व्हेटच्या ३५० घनइंची ‘एलटी-१’ एंजिनावरून हा फरक स्पष्ट होतो. १९७० साली त्याची ढोबळ शक्ती ३७० होती. १९७१ साली संपीडन-गुणोत्तर ११ वरून ९ वर आणले गेले आणि ढोबळ शक्ती ३३० झाली. त्याच १९७१ च्या एंजिनाचा निव्वळ आकडा मात्र २७५ होता. १९७२ साली तो २५५ वर आला. ३७० वरून ३३० ही घट एंजिनात घडली. ३३० वरून २७५ ही घट निव्वळ कागदावरची. हा भेद लक्षात न घेता ३७० आणि २५५ यांची तुलना करणारा मनुष्य हमखास फसतो.

एंजिनाची ओळख

एकाच आकाराची एंजिने निरनिराळ्या शक्तीची असू शकतात. १९६५ च्या फोर्ड मस्टँगमध्ये २८९ घनइंची एंजिन २००, २२५ व २७१ अश्वशक्तीत मिळे. वाहन-ओळख क्रमांकातील पाचवे चिन्ह अनुक्रमे ‘सी’, ‘ए’ अथवा ‘के’ असल्यास हा प्रकार कळतो. संपीडन-गुणोत्तर, कार्ब्युरेटर व झडपांची यंत्रणा पाहून त्याची खातरजमा करता येते.

तथापि हा क्रमांक गाडी कशी निघाली एवढेच सांगतो. आज बॉनेटखाली असलेले एंजिन तेच आहे, याची ग्वाही तो देत नाही. त्यासाठी एंजिनावरील खुणा वाचाव्या लागतात. शेव्हरोले व्ही-८ मध्ये उजव्या बाजूच्या सिलिंडर-हेडसमोरील सपाट पट्टीवर कारखान्याचे अक्षर, जुळणीचा महिना व दिवस आणि एंजिनाच्या प्रकाराची अक्षरे ठोकलेली असतात. ब्लॉकवरील ओतीव क्रमांक मात्र अपुरा ठरतो. ३९७००१० हा क्रमांक साध्या ३५० घनइंची एंजिनांवर आढळतो, तसाच जोरदार ‘एलटी-१’ वरही आढळतो. ओतकामाची तारीख जुळणीच्या आधीची आणि जुळणीची तारीख गाडी तयार होण्याच्या आधीची असली पाहिजे. हा क्रम उलटा आढळल्यास एंजिन मागाहून बसविलेले आहे, असे समजावे.

ठोकलेल्या अंकांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ब्लॉकचा माथा घासताना मूळ अंक नाहीसे होतात, तर कधी लाभासाठी नवे अंक ठोकले जातात. मूळ यंत्रकामाच्या बारीक समांतर रेषा पट्टीवर आहेत की नाहीत, हे म्हणूनच बारकाईने पाहावे.

छापील आकडा आणि आजची चाचणी

ओळख पटल्यावर त्या वर्षीच्या कारखान्याच्या पुस्तिकेतील आकडा घ्यावा. हा आकडाही नेहमीच वस्तुस्थितीला धरून असतो असे नाही. १९६७ च्या कॉर्व्हेटमधील ४२७ घनइंची ‘एल-७१’ एंजिन ४३५ अश्वशक्तीचे म्हणून जाहीर झाले. शर्यतीसाठी बांधलेले ‘एल-८८’ मात्र कागदोपत्री ४३० चेच राहिले. प्रत्यक्षात त्याची शक्ती ५०० हून अधिक होती, असे जाणकार मानतात.

डायनामोमीटरवर गाडी चालवून शक्ती मोजली, तर हा प्रश्न सुटेल असे वाटते. परंतु ते यंत्र चाकांपाशी पोहोचलेली आजची शक्ती दाखविते. गिअरपेटी व मागील आस यांत काही शक्ती खर्ची पडते. शिवाय पुन्हा बोअर केलेले सिलिंडर किंवा बदललेला कॅमशाफ्ट यांमुळे मूळ स्थिती राहिलेली नसते. ही चाचणी एंजिनाचे आरोग्य सांगते, त्याचा इतिहास सांगत नाही.

सबब नोंदवहीत नुसते ‘३३० अश्वशक्ती’ असे लिहू नये. मॉडेलचे वर्ष, एंजिनाची प्रकारखूण, जुळणीची तारीख आणि ‘ढोबळ’ की ‘निव्वळ’ हा उल्लेख या चार बाबी आकड्यासोबत असाव्यात. म्हणजे पुढे गाडी हाताळणाऱ्यास तोच शोध नव्याने करावा लागणार नाही.