आधारचा बारावा आकडा : अकरांचा राखणदार

नांदेड असो की लातूर, अर्ज पीक विम्याचा असो की गटाच्या कर्जाचा, खिडकीवर पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, आधार नंबर सांगा." देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना मिळालं. आपल्यासारख्याच खेड्यातल्या बाईला. आज त्याच बारा आकड्यांचं गणित समजून घेऊ.

या नंबरात आपलं गाव, जात, वय काहीच लपलेलं नसतं. पहिला आकडा 0 किंवा 1 कधीच नसतो. आणि शेवटचा, बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून हिशेब करून काढलेला असतो. तो त्या अकरांचा राखणदार.

राखण कशी होते? एक सोपा खेळ करू. 352 घ्या. पहिल्या आकड्याला 1 ने, दुसऱ्याला 2 ने, तिसऱ्याला 3 ने गुणा. 3, 10 आणि 6, बेरीज 19. तिचा शेवटचा आकडा 9 पुढे लावा, झालं 3529. आता कुणी चुकून 5329 लिहिलं, तर 5, 6 आणि 6, बेरीज 17. शेवटी 7 यायला हवा होता, इथे तर 9 आहे. चूक पकडली!

आधारचा हिशेब याहून पक्का आहे. व्हेरहोफ नावाच्या डच गणितज्ञाने तो 1969 मध्ये मांडला. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटेपालटे झाले, तर या हिशेबातून ते सुटत नाही. म्हणून कॉम्प्युटरने "नंबर चुकीचा" म्हटलं, तर घाबरू नका. कार्ड खराब झालं असं समजू नका. आधी आकडे पुन्हा जुळवून बघा.

आकडे उलटे का होतात? आपण "सत्तेचाळीस" म्हणतो तेव्हा सात आधी बोलतो, पण लिहिताना चार आधी येतो. म्हणून नंबर सांगताना "चार, सात" असा एकेक आकडा सांगा, आणि चार-चार आकडे झाले की थांबा.

पण या राखणदाराला माणूस ओळखता येत नाही. तुमच्या अर्जावर जावेचा नंबर पडला, तरी तो नंबर बरोबरच असतो. मग गणित गप्प बसतं आणि पैसे अडकतात. ती राखण आपणच करायची. अर्ज पाठवण्याआधी नंबरासोबत नावही वाचून घ्या, आणि वाचता येत नसेल तर गटातल्या मैत्रिणीकडून वाचून घ्या.