सात दिवसांचं वसतिगृह

डिसेंबरात सत्र परीक्षा संपल्या की मध्य रेल्वेच्या आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवर वळकट्या घेतलेली कॉलेजची मुलंमुली उतरू लागतात. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून तिकडे जाणाऱ्यांची गर्दी कल्याणच्या एसटी स्टँडवर दिसते. बरोबर तांदळाची पोती, मोठे टोप, फावडी, घमेली, बॅनरची गुंडाळी आणि यादी हातात घेऊन पुन्हा पुन्हा डोकी मोजणारे एक सर किंवा मॅडम. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतल्या कुठल्या तरी गावच्या जिल्हा परिषद शाळेत नाहीतर समाजमंदिरात पुढचे सात दिवस त्यांचा मुक्काम असतो. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनएसएसचं, हे विशेष शिबिर.

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत शिकणारा बहुतेक विद्यार्थी लोकलने येतो आणि लोकलने जातो. सकाळचं कॉलेज, दुपारी क्लास किंवा कुठेतरी अर्धवेळ नोकरी. वर्गात शेजारी बसणाऱ्याचं आडनाव तीन वर्षं माहीत नसतं, इतकं हे शिक्षण गाडीच्या वेळापत्रकात अडकलेलं आहे. वसतिगृहात होणाऱ्या रात्रीच्या गप्पा, भांडणं, आजारपणात एकमेकांना पाणी देणं हे यांतल्या फार थोड्यांच्या वाट्याला येतं. कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुलुंडच्या कितीतरी मुलींसाठी घराबाहेर सलग सात रात्री राहण्याचा पहिला प्रसंग म्हणजे हे शिबिर. त्यासाठी प्राचार्यांच्या सहीचं पत्र घरी जातं, मॅडमचा फोन नंबर जातो, आणि कधी आई स्वतः येऊन मॅडमना बघून जाते. मला या शिबिराचं मोल सगळ्यात आधी इथे दिसतं. ज्या विद्यापीठाला मुलांना राहायला जागा देता आली नाही, त्याने वर्षातून सात दिवसांपुरतं का होईना, एक वसतिगृह उभं केलं आहे, आणि ते सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे.

योजनेचा जन्म 24 सप्टेंबर 1969 चा, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातला. तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत, 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू केली. आज स्वयंसेवकांची संख्या चाळीस लाखांच्या घरात आहे. पण त्याआधीची वीस वर्षंही पाहण्यासारखी आहेत. विद्यार्थ्यांनी देशसेवा करावी ही सूचना राधाकृष्णन आयोगाने स्वातंत्र्यानंतर लगेच केली होती. 1959 मध्ये या प्रश्नावर समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख, आपल्या महाडजवळच्या नाते गावचे. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी, असं त्या समितीचं मत पडलं. खर्च आणि व्यवस्था या दोन्ही बाजूंनी ते झेपणारं नव्हतं. पुढे के. जी. सैयदेन यांनी इतर देशांतल्या युवकसेवेच्या पद्धती अभ्यासल्या आणि सेवा ऐच्छिक असावी असा अहवाल दिला. तोच विचार शेवटी टिकला.

देशमुखांविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणावंसं वाटतं की सैयदेन यांचं म्हणणं बरोबर होतं. सक्तीने उचललेलं घमेलं आणि आपणहून उचललेलं घमेलं यांत वजनाचा फरक नसतो, पण ते उचलणाऱ्या मुलात संध्याकाळपर्यंत जो फरक पडतो, तो दुसऱ्याच्याच बाबतीत पडतो. मुंबई विद्यापीठात ही योजना पुरी करणाऱ्याला सवलतीचे दहा गुण मिळतात, आणि पहिल्या वर्षी नाव नोंदवणारे पुष्कळसे त्या दहा गुणांसाठीच येतात. त्यात मला गैर वाटत नाही. यायला काहीतरी निमित्त लागतं. दोन वर्षांत 240 तास काम, वर्षाला 120, आणि त्याशिवाय एक सात दिवसांचं शिबिर, हा हिशेब दहा गुणांसाठी फारच महागडा आहे. तरीही जी मुलं टिकतात, ती दुसऱ्या कशासाठी तरी टिकलेली असतात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. योजनेचं अधिकृत उद्दिष्ट गावाचा विकास असं नाही. समाजसेवेतून विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास, असं आहे. म्हणजे शिबिर मुळात मुलांसाठी आहे. गावाला काय मिळालं हे विचारायलाच हवं, पण मुलांचं काय झालं हा प्रश्न पहिला.

शिबिराचा दिवस पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होतो. थंडी चांगली असते, नळाला पाणी नसतं, असलं तर बर्फासारखं. प्रार्थना, योगासनं, पोह्यांचा नाश्ता, मग दुपारपर्यंत श्रमदान. जेवण, थोडी विश्रांती, मग कुणा पाहुण्याचं बौद्धिक. संध्याकाळी गावात फेरी, घरोघर पाहणी, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य आणि गाणी, आणि झोपण्याआधी दिवसाचा अहवाल वाचणं. एका तुकडीत साधारण पन्नास जण, त्यांचे गट, गटांना नद्यांची किंवा थोरांची नावं. रोज एक गट स्वयंपाकाला, एक झाडलोट आणि संडास सफाईला. संडास साफ करण्याची पाळी सगळ्यांवर येते, त्यात सूट नाही. महाराष्ट्रात या शिबिरांना श्रमसंस्कार शिबिर म्हणण्याची रीत आहे, आणि त्या नावामागे गाडगेबाबांचा खराटा आहे, सेवादलाची परंपरा आहे, बाबा आमट्यांनी सोमनाथला भरवलेली श्रमसंस्कार छावणी आहे. दिल्लीहून आलेली योजना आपल्याकडे या मातीत रुजली, म्हणून तिला इथे वेगळा रंग आहे.

श्रमदानात शोषखड्डे असतात, रस्त्याची डागडुजी असते, झाडांना आळी करणं असतं. पण या दोन तालुक्यांत खरं काम वनराई बंधाऱ्याचं. पाऊस इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. खाली काळा कातळ, वर पातळ माती, त्यामुळे पडेल तेवढं पाणी ओढ्यांनी धावत खाली जातं आणि फेब्रुवारी-मार्चपासून पाड्यांवर टँकरची वाट बघण्याची वेळ येते. डिसेंबरात ओढ्याला अजून थोडी धार असते. तेव्हाच ती अडवायची. दोन्ही काठ उंच आणि पक्के असतील अशी जागा गावातलाच कुणी जाणता माणूस दाखवतो. आधी तळातला गाळ आणि सुटे दगड काढायचे. मग सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरायच्या, पण गच्च नाही. थोडी ढिली गोणी दुसरीवर नीट बसते, गच्च भरलेली घरंगळते. तोंडं सुतळीने शिवायची. विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडत थर लावायचे, पाया रुंद, वर अरुंद, आणि फटींत चिकणमाती ठासायची. भरलेली गोणी एकट्याला उचलत नाही. त्यामुळे पन्नास जणांची रांग लागते आणि गोणी हातोहात पुढे सरकते. या रांगेत मधला एक जण सुटला तर काम थांबतं. वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसून तीन वर्षांत एक वाक्य न बोललेला मुलगा या रांगेत उभा असतो, आणि त्याच्या नसण्याने काहीतरी अडणार असतं. आपल्यावाचून अडतं, ही जाणीव वीस वर्षांच्या मुलाला आपली परीक्षापद्धती कधीच देत नाही.

दुपारपर्यंत पाणी तटायला लागतं. गुरं प्यायला येतात, बायका धुणं घेऊन येतात. पुढे दोन-तीन महिने आसपासच्या विहिरींना त्याचा आधार होतो, कुणी भेंडी-वांग्याचा वाफा करतो. पहिल्या मोठ्या पावसात बंधारा वाहून जातो, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बांधावा लागतो.

पाण्याची गोष्ट इथे संपत नाही. भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांतल्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा, आणि तानसाचं पाणी तर 1892 पासून मुंबई पिते आहे. ज्या मुलीने आयुष्यभर नळ सोडला की पाणी पाहिलं, ती संध्याकाळच्या पाहणीत एका आजीच्या मागे कळशी घेऊन चालत जाते, आणि हे पाणी कुठे जातं ते त्या आजीकडून ऐकते. याला व्याख्यान लागत नाही. पाहणीत अशा आणखीही गोष्टी पुढे येतात. कातकरवाडीत दारं बंद दिसतात, कारण दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि त्यांच्याबरोबर मुलंही. पाहणीच्या तक्त्यातला कुटुंबातील व्यक्तींचा रकाना कोरा ठेवून परतलेली मुलं त्या रात्री अहवालाच्या वेळी खूप वेळ बोलत बसतात. साप चावला तर भगताकडे वेळ न घालवता सरकारी दवाखान्यात न्या, हे सांगणारं पथनाट्य दरवर्षी होतं. ते बघायला भगतही येऊन बसतो, आणि मुलांना समोरच्या माणसाचा अपमान न करता आपलं म्हणणं मांडायला शिकावं लागतं.

मुरबाड तालुक्यात शिबिर असेल तर फांगणे गावची आजीबाईंची शाळा बघता येते. 8 मार्च 2016 रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. साठी-सत्तरी-ऐंशीतल्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाटी घेऊन बसतात. शिक्षणाला कंटाळलेल्या मुलांनी हे पाहावं असं मला फार वाटतं. आणि शिबिर वर्षअखेरीस असेल तर सिद्धगड. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथल्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते. एक आणि दोन जानेवारीला तिथे आजही माणसं जमतात. पुस्तकातल्या क्रांतीची जागा पायाखाली आली की तिचं वय मुलांना कळतं, आणि ते आपल्या वयाच्या किती जवळ आहे तेही.

आतापर्यंत मी शहरातून येणाऱ्या मुलांविषयीच बोललो. पण शहापूरचं सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय, मुरबाडजवळ शिवळ्याचं शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय यांसारख्या स्थानिक कॉलेजांतली मुलं याच डोंगरांतली आहेत. त्यांतली ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली घरांतली अनेक मुलं लहानपणापासून आश्रमशाळेत आणि मग आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात वाढलेली असतात. त्यांना सात दिवसांच्या वसतिगृहाचं अप्रूप काय? त्यांना घरापासून दूर राहायची सवय सहाव्या वर्षीच लागली. त्यांची अडचण निराळी आहे. कॉलेजच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करायला, पाहुण्यांची ओळख करून द्यायला त्यांचं नाव सहसा पुढे येत नाही. शिबिरात मात्र चुलाण पेटवायचं असतं, लाकूड कुठलं चांगलं जळतं हे ओळखायचं असतं, ओढ्यात गोणीचा पहिला थर कुठून लावायचा हे ठरवायचं असतं, पाड्यावर जाऊन तिथल्या बोलीत बोलायचं असतं. तिथे ही मुलं पुढे होतात आणि बाकीचे त्यांना विचारून करतात. दुसऱ्या दिवशी रात्री माईक त्यांच्याकडे गेला तर कुणाला नवल वाटत नाही. शहरातल्या एका आणि इथल्या एका कॉलेजने एकत्र शिबिर भरवावं, असं मला म्हणूनच वाटतं. शहरातल्या मुलांनी गावाला काही देण्याच्या भाषेत बोलणं त्याने आपोआप कमी होईल.

मुलांच्या मनाविषयी अलीकडे खूप बोललं जातं, आणि ते बोललं जायला हवं. 2022 पासून टेली-मानसची 14416 ही हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. शिबिर हा त्याला पर्याय नाही. खोल निराशेत असलेल्या मुलाला फावडं देऊन बरं करता येत नाही, त्याला डॉक्टर लागतो. पण डॉक्टरकडे जाण्याआधी कुणाला तरी सांगावं लागतं, आणि ते सांगायला एखादं माणूस लागतं. शिबिराच्या चौथ्या-पाचव्या रात्री, भांडी घासून झाल्यावर, शेकोटीशी बसलेल्या मॅडमजवळ एखादी मुलगी थांबून राहते. घरचं कर्ज, लादलेलं लग्न, एटीकेटी, तुटलेली मैत्री, कधी त्याहून गंभीर काही. वर्गात साठ-सत्तर जणांपुढे उभ्या राहणाऱ्या मॅडमना ती हे सांगू शकली नसती. पाच दिवस मॅडमना पिठाने माखलेल्या हातांनी, न विंचरलेल्या केसांनी पाहिल्यावर सांगू शकते.

म्हणून या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे कार्यक्रम अधिकारी. हा पूर्णवेळ शिकवणारा प्राध्यापक असतो. शंभर स्वयंसेवकांची जबाबदारी त्याच्या तासांच्या वर येते. सरपंचांची परवानगी, शाळेच्या खोल्यांच्या किल्ल्या, मुलींच्या खोलीची सुरक्षितता, विंचू-सापाची काळजी, तुटपुंज्या अनुदानात पन्नास जणांचं दोन वेळचं जेवण आणि परतल्यावर पावत्यांचा हिशेब, सगळं त्याच्याकडे. गाव दत्तक घेतलं की निदान तीन वर्षं तिथेच यायचं असतं, पण मधेच कार्यक्रम अधिकारी बदलला की गावही बदलतं, आणि पहिल्या वर्षी पाहणीत नोंदलेली बंद घरं पुन्हा कुणी उघडून पाहत नाही. दत्तक गावाचा करार कॉलेजच्या नावाने तीन वर्षांसाठी व्हावा, आणि शिबिर घेणाऱ्या शिक्षकाचे आठवड्याचे तास त्या वर्षापुरते कमी करावेत. महाविद्यालयांना एवढं करायला नवा निधी लागणार नाही, वेळापत्रकात थोडी जागा करावी लागेल.