फवारणी थांबते, धोका थांबत नाही

नौपाड्यातील कोणत्याही घरात नजर फिरवली, तर पोलादी कपाट, फ्रिज, खिडकीची अॅल्युमिनियमची चौकट अशा अनेक वस्तूंवर रंगाचा एकसारखा, कानाकोपऱ्यांतही नीट बसलेला थर दिसतो. तो बहुधा विद्युतभारित फवारणीने चढवलेला असतो. नौपाड्यापासून जवळच असलेल्या वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतींमधील लहानमोठ्या कारखान्यांत अशी कामे चालतात. रंगकाम चालू असताना तेथे पुरेशी दक्षता घेतली जाते. मात्र पाळी संपताना, यंत्रणा धुताना आणि तपासताना दक्षता सैल पडते, आणि नेमका तोच वेळ अधिक जोखमीचा असतो.

अमेरिकेत हॅरोल्ड रॅन्सबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेल्या या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. पेंट गनच्या टोकाशी असलेल्या इलेक्ट्रोडला साधारणतः ३० हजार ते १ लाख व्होल्टचा दाब दिला जातो. बाहेर पडणारे रंगाचे कण त्यामुळे विद्युतभारित होतात आणि अर्थिंग केलेल्या वस्तूकडे ओढले जातात. वस्तूच्या मागील बाजूलाही रंग चढतो आणि वाया जाणारा रंग वाचतो. व्होल्टेज प्रचंड असले तरी प्रवाह अवघा काही मायक्रोअँपिअर असतो. त्यामुळे केवळ धक्क्याने जीव जाण्याची शक्यता कमी. खरी भीती ठिणगीची असते.

ही ठिणगी किती लहान असू शकते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. थिनरमध्ये सर्रास आढळणाऱ्या टोल्यूइनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल, तर ती पेटण्यास सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. अर्थिंग नसलेल्या माणसाच्या अंगावर १० हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार साचला, तर त्यात सुमारे ५ मिलिज्यूल, म्हणजे गरजेच्या वीसपट ऊर्जा असते. एवढ्या भाराने माणसाला केवळ चटका बसतो; वाफेला मात्र आग लागते.

साफसफाईच्या वेळी ही वाफ मुबलक असते. ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, तर अॅसिटोनचा शून्याच्याही खाली. ठाण्याच्या हवेत बारा महिने हे द्रव पेट घेण्याच्या स्थितीत असतात. म्हणूनच यंत्रउत्पादकांच्या सूचनांनुसार ज्वलनशील नसलेला, अथवा ज्याचा फ्लॅश पॉइंट वातावरणाच्या तापमानापेक्षा किमान १५ अंशांनी अधिक आहे, असाच द्रव धुण्यासाठी निवडणे श्रेयस्कर.

कामाचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम उच्च व्होल्टेजचा पुरवठा बंद करावा. त्यानंतर रंगाचा व हवेचा पुरवठा बंद करून नळीतील दाब सोडावा, ट्रिगर अडकवावा आणि उरलेला विद्युतभार निघून जाऊ द्यावा. पाण्यावर आधारित रंगाच्या काही यंत्रणांत रंगाचे संपूर्ण पिंपच भारित असते. तेथे भार उतरल्याची खात्री केल्याखेरीज हात लावू नये. बूथमधील पंखे मात्र बंद करू नयेत. धुतलेला द्रव अर्थिंग केलेल्या धातूच्या बादलीतच सोडावा आणि गनचा धातूचा भाग बादलीला टेकवून ठेवावा. प्लॅस्टिकची बादली, किंवा धातूच्या बादलीत घातलेली प्लॅस्टिकची पिशवी, विद्युतभाराला वाट देत नाही. गन थिनरमध्ये बुडवून ठेवणेही चुकीचे. मऊ ब्रश व कापडाने ती बाहेरून पुसावी.

माणसाचे अर्थिंग हा याच साखळीतील दुवा आहे. साध्या रबरी हातमोज्यांमुळे हात गनच्या मुठीपासून अलग होतो. त्यासाठी वीजवाहक हातमोजे, किंवा तळव्याकडे कापलेले मोजे, आणि अँटिस्टॅटिक बूट वापरावे लागतात.

तपासणीत सर्वाधिक दुर्लक्षित होणारी वस्तू म्हणजे हुक. रोज रंगाचे थर चढून तो विद्युतरोधक बनतो, टांगलेल्या वस्तूचे अर्थिंग तुटते आणि वस्तूच भार साठवू लागते. वस्तू, हुक, कन्व्हेअर, बूथ आणि गन यांचा जमिनीशी रोध १ मेगाओहमपेक्षा अधिक नसावा, हा जगभर रूढ निकष आहे. तो मेगरने मोजता येतो. मात्र मोजणी ज्वलनशील वाफ नसलेल्या जागीच करावी.

पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतो म्हणून ते निर्धोक, हा समजही अपुरा आहे. हवेत तरंगणारी पावडर धूळस्फोट घडवू शकते. सांडलेली पावडर कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याऐवजी ज्वालाग्राही धुळीसाठी बनवलेल्या व अर्थिंग केलेल्या व्हॅक्यूम यंत्राने उचलावी. बूथचा पंखा बंद पडताच गनचे व्होल्टेज आपोआप तुटेल, अशी जोडणीही असावी.

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये ज्वालाग्राही वाफ व धूळ साचू न देणे आणि ठिणगीचे सर्व स्रोत दूर ठेवणे हे बंधन घातलेले होते. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० ने घेतली. महाराष्ट्रात कारखान्यांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्याचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. तरीही डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी दाखवून दिले, की कारखान्याच्या भिंतीआडची चूक आसपासच्या वस्तीपर्यंत पोहोचते.

रंगकामात बचाव फारसा खर्चिक नाही. अर्थिंगची नियमित मोजणी, स्वच्छ हुक आणि ठरलेला क्रम यांनी बराच धोका टळतो. आणि कामगाराला गन धरताना हाताला झिणझिण्या आल्या, तर ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नसून अर्थिंग तुटल्याची सूचना समजावी. दोष सापडेपर्यंत काम थांबवावे, आणि त्यासाठी त्याची मजुरी कापली जाऊ नये.