खुर्चीतलं मूल

सकाळी 8.30. लेस्टरमधल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात आज कोणती मुलं येणार, ती यादी आधी वाचते. कोणाची तपासणी पुन्हा पुन्हा चुकते आहे, हे बघते. सात वर्षांचं मूल स्वतःहून येत नाही, त्याला आणावं लागतं.

9.15. मूल दारातून आत येतं तेव्हाच माझी तपासणी सुरू होते. गुडघे, नडग्या, कपाळ इथलं खरचटणं खेळणाऱ्या मुलाचं. पण कान, गालाची बाजू, मान इथे पडून सहसा लागत नाही. तिथला काळानिळा डाग मी सोडून देत नाही. मग तोंडात बघते. वरचा ओठ हिरडीला जोडणारा पातळ पडदा फाटलाय का? चालायला शिकणाऱ्या बाळाचा तो पडूनही फाटतो, त्यामुळे एका खुणेवरून निकाल देत नाही. "कसं लागलं रे?" एवढंच विचारते आणि मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

11.00. साताऱ्याहून आलेल्या आजी नातवाला घेऊन येतात. "दुधाचेच दात, पडणारच की."

"आजी, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. तोवर पोरानं दुखत दुखत जेवायचं का?"

रात्रीची दुधाची बाटली बंद करायचं त्या कबूल करतात. ही हेळसांड नव्हे. नुसती कीड म्हणजे हेळसांड नसतेच.

2.00. एका मुलाचा गाल सुजलेला, रात्रभर झोप नाही. अठराखालच्या मुलांवर इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, मोफत उपचार होतात. आईला समजावलं, तारखा दिल्या, तरी त्याला आणलं नव्हतं. मुलांच्या दंतवैद्यांच्या ब्रिटिश संस्थेने 2009 मध्ये दातांच्या हेळसांडीबद्दल धोरण मांडलं. त्यात पायऱ्या आहेत: आधी आपण घराला मदत करायची, मग शाळेच्या नर्सशी आणि फॅमिली डॉक्टरशी बोलायचं, तरी मूल धोक्यात असेल तर कौन्सिलच्या बालसेवा विभागाला कळवायचं. आज मी तिसऱ्या पायरीवर आहे. आईला तसं सांगते. सांगण्याने मुलाला धोका वाढणार असेल तरच ते टाळायचं असतं. ती रडते. माझाही हात जड होतो, तरी फोन करते. 2000 साली लंडनमध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए छळाने मेली. डॉक्टर, पोलीस, समाजसेवक या सगळ्यांनी तिला पाहिलं होतं, तरी ती वाचली नाही. दोषी कोण हे मी ठरवायचं नाही, मला दिसलं ते पोहोचवायचं.

5.30. नोंदी पूर्ण करते: आकृतीवर जखमेची जागा, तारीख, वेळ, सही.

तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर वाट पाहू नका. ब्रिटनमध्ये मुलांसाठी चाइल्डलाइनचा क्रमांक 0800 1111 आहे, भारतात 1098.